आकडा ठीक दिसतो तेव्हा : प्रस्तावना

वारंवारिता देशाची असते, व्होल्टेज गावाचे असते. भारप्रेषण केंद्रात नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी मला हे सांगितले होते, आणि पुढची सारी वर्षे मी त्याचाच अर्थ लावत राहिलो. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी एका ठेक्यात फिरू लागले. तेव्हापासून काश्मीरमधले जनित्र आणि तामिळनाडूतले जनित्र यांची वारंवारिता एकच आहे : सेकंदाला पन्नास आवर्तने. कुठे मोठा संच बंद पडला, तर हा ठेका सगळीकडे एकदमच किंचित मंदावतो आणि दिल्लीत पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ते एका आकड्यात कळते. व्होल्टेजला असा एक आकडा नाही. एका उपकेंद्रात ते उत्तम असते, त्याच मिनिटाला शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या उपकेंद्रात ते ढासळत असते. देशाच्या व्होल्टेजची तब्येत विचारली, तर उत्तर हजारो ठिकाणांहून गोळा करावे लागते. ते कसे गोळा करायचे आणि त्यावर कितपत विसंबायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय कागदावर वाटतो तितका परका नाही. गावाकडे वाढलेल्या माणसाने तो डोळ्यांनी पाहिलेला असतो. माझ्या लहानपणी संध्याकाळी ट्यूबलाइट लागत नसे; स्टुलावर चढून स्टार्टर हाताने फिरवत बसावे लागे. विहिरीवरची मोटर नुसती घूं करत राही. वडील ओरडत, “डाउन आहे, बंद कर, जळेल!” रात्री अकरानंतर मात्र तेच बल्ब इतके लख्ख पेटत की आठवड्याला एक जाई. आजही थ्रीफेज आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच झटक्यात उठतात, कारण बहुतेकांनी ऑटो स्विच लावलेला असतो. व्होल्टेज बसते. बसलेल्या व्होल्टेजवर तेवढेच पाणी उपसायचे म्हणून मोटर जास्त करंट ओढते. जास्त करंटमुळे तारेत आणि रोहित्रात व्होल्टेज आणखी पडते. हे चक्र थांबले नाही, तर शेवटी डीपी जळते आणि आठ-दहा दिवस शिवार कोरडे राहते. कपॅसिटर बसवा, ऑटो स्विच काढा, असे महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे. तांत्रिकदृष्ट्या ते शंभर टक्के बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता लाइट येणार असेल, तर अंधारात बांधावरून विहिरीपर्यंत जाण्यापेक्षा माणूस ऑटो स्विच लावणारच, आणि त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही.

मोटरी, तार आणि रोहित्र यांच्यातले हेच चक्र 400 केव्हीच्या पातळीवर फिरू लागले, तर त्याला व्होल्टेज कोसळणे म्हणतात. तिथे डीपीऐवजी शहरे जातात.

हे चक्र समजून घ्यायचे तर रिॲक्टिव्ह पॉवरपाशी थांबावे लागते. विद्यार्थी इथेच अडखळतात, म्हणून मीही जरा रेंगाळतो. मोटर असो वा रोहित्र, लोखंडात चुंबकीय क्षेत्र उभे केल्याशिवाय त्यांचे काम होत नाही. ते उभे करायला लागणारी ऊर्जा प्रत्येक आवर्तनात घेतली जाते आणि परत दिली जाते. ती खर्च होत नाही, घरगुती मीटरवर चढत नाही, पण प्रत्येक वेळी कोणीतरी ती द्यावी लागते. ही उसनवारी आहे. वाटीभर साखर शेजारच्या घरातून उसनी आणता येते. परगावाहून आणायची म्हटली तर निम्मी वाटेतच सांडते. उच्चदाब वाहिनीचा रोध थोडा आणि प्रतिघात मोठा असल्यामुळे रिॲक्टिव्ह पॉवर दूर पाठवायला गेले, की वाटेतली वाहिनीच ती गिळते आणि पलीकडचे व्होल्टेज पडते. म्हणून ती जिथे लागते तिथेच, शेजारी, तयार करावी लागते : जनित्रातून, कपॅसिटरमधून किंवा स्टॅटकॉमसारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातून.

महाराष्ट्राचा नकाशा या गोष्टीचा धडाच आहे. कोळसा विदर्भात, मागणी मुंबई–पुण्यात. 1915 साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज जाऊ लागली तेव्हा अंतर घाटमाथ्यापासून बंदरापर्यंतचे होते. चंद्रपूरपासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंतचे अंतर साडेसातशे किलोमीटर आहे. तिथे 500 केव्हीची एकदिश प्रवाहाची वाहिनी टाकली गेली, 1,500 मेगावॉट वाहून नेणारी. एवढी खरी वीज ती आणते, पण मुंबईच्या मोटरींना लागणारी उसनवारी ती चंद्रपूरहून आणू शकत नाही. उलट पडघ्याचे रूपांतर केंद्र स्वतःच मोठ्या प्रमाणावर रिॲक्टिव्ह पॉवर मागते आणि तिच्यासाठी तिथेच कपॅसिटर आणि फिल्टर उभे करावे लागतात. राज्यात वीज पुरेशी असूनही व्होल्टेज अपुरे असू शकते, ते यामुळे.

आता या पुस्तकातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. एका भागाकडे जाणारी वीज हळूहळू वाढवत जा आणि प्रत्येक टप्प्याला तिथले व्होल्टेज कागदावर मांडा. सुरुवातीला ते थोडे थोडे उतरते. मग उतार तीव्र होतो. एका ठिकाणी वक्र नाकाच्या शेंड्यासारखा वळतो, आणि त्या शेंड्यापलीकडे जास्त वीज देणारा एकही बिंदू नसतो. मागणी तिथून पुढे रेटली, की व्होल्टेज सावरत नाही. कपॅसिटर अजिबात नसतील आणि भार शुद्ध रोधाचा असेल, तर साध्या गणितात हा शेंडा मूळ व्होल्टेजच्या सुमारे 70 टक्क्यांवर येतो. एवढे पडलेले व्होल्टेज कोणाच्याही लक्षात येईल. पण आपण व्होल्टेज ठीक ठेवण्यासाठी कपॅसिटर लावतो. कपॅसिटर लावत गेले की जास्त वीज नेता येते हे खरे, पण तो शेंडाही वर वर सरकतो : 80, 90, 95 टक्क्यांवर. म्हणजे ग्रिड कोसळायच्या काठावर उभे असते आणि पडद्यावरचा आकडा जवळजवळ नेहमीसारखा दिसतो. त्यातच कपॅसिटरची मदत व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. व्होल्टेज 90 टक्के झाले की तो 81 टक्केच देतो. ज्या वेळी त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वेळी त्याचा हात आखडतो.

म्हणून व्होल्टेजचा आकडा म्हणजे व्होल्टेजची तब्येत नव्हे. या क्षणी व्होल्टेज किती आहे, याच्या जोडीला आपण शेंड्यापासून किती दूर आहोत आणि जवळपास किती राखीव उरले आहे, हे मोजले पाहिजे. स्थिरतेवर देखरेख ठेवायची म्हणजे हे अंतर मोजायचे. ते अंतर कोणत्याही मीटरवर थेट दिसत नाही. ते काढावे लागते, आणि कसे काढावे यावरून या शास्त्रात अनेक मते, अनेक घराणी झाली.

ज्या घटनेने जगभरच्या अभियंत्यांना हे पटवले ती टोकियोची. 23 जुलै 1987, कडक उन्हाळा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मागणी थोडी उतरली होती. एक वाजता कचेऱ्या आणि कारखाने पुन्हा सुरू झाले, वातानुकूलन यंत्रे जोरात लागली आणि मागणी दर मिनिटाला सुमारे 400 मेगावॉटने वाढू लागली. कोणतीही वाहिनी तुटली नव्हती, वीज कोसळली नव्हती, कोणाची चूक झाली नव्हती. कर्मचारी कपॅसिटर जोडत गेले आणि काही मिनिटांत जोडायला कपॅसिटर उरले नाहीत. त्या यंत्रांचे वागणे आपल्या विहिरीवरच्या मोटरीसारखेच होते : व्होल्टेज उतरले तरी मागणी कमी होईना, करंट वाढे. सव्वा वाजता 500 केव्हीच्या जाळ्यावर 460 केव्ही उरले, 1 वाजून 19 मिनिटांनी 370. मग रिले सुटले आणि सुमारे 8,200 मेगावॉटचा भार, 28 लाख ग्राहक, अंधारात गेले. मला या घटनेतली ती जेवणाची सुट्टी नेहमी आठवते. साडेबाराच्या पडद्यावर सगळे हिरवे असणार.

त्याआधीही इशारे मिळाले होते. 19 डिसेंबर 1978 रोजी थंडीच्या सकाळी फ्रान्सचा मोठा भाग अंधारात गेला; 27 डिसेंबर 1983 रोजी स्वीडनमध्ये तसेच झाले. पण स्थिरता म्हणजे जनित्रे एकमेकांच्या तालात राहणे, हीच तोवर सर्वमान्य व्याख्या होती. 9 नोव्हेंबर 1965 च्या ईशान्य अमेरिकेतल्या मोठ्या अंधारानंतर जी जागृती झाली, तिचा रोखही त्याच बाजूला होता. तिच्यातून एक अमूल्य गोष्ट मात्र आली. एमआयटीतल्या फ्रेड श्वेप यांनी 1970 मध्ये राज्य-अनुमानाची पद्धत मांडली : उपकेंद्रांतून येणारी मापे अपुरी आणि थोडीफार चुकीची असणारच, हे धरून चालायचे आणि त्यांच्यातून संपूर्ण जाळ्याचे सर्वांत संभाव्य चित्र गणिताने उभे करायचे. आज प्रत्येक मोठ्या नियंत्रण केंद्रात दर काही मिनिटांनी जे चित्र तयार होते, ते याच पद्धतीचे फळ आहे. व्होल्टेजची सारी देखरेख त्या चित्रावर उभी आहे.

व्होल्टेजच्या प्रश्नाला हात घालणारे पहिले घराणे गणितींचे. सोव्हिएत अभियंते वेनिकोव्ह यांनी 1975 मध्ये दाखवून दिले की भारप्रवाहाची समीकरणे जिथे सुटेनाशी होतात, तिथेच स्थिरतेची सीमा दडलेली असते. गणित अडले म्हणजे संगणक चुकला असे तोवर समजत असत. या मांडणीनंतर गणित का अडले, हीच बातमी ठरली. 1986 मध्ये केसेल आणि ग्लाविच यांनी प्रत्येक भारकेंद्रासाठी शून्य ते एक असा निर्देशांक दिला. तो एककडे सरकला की शेंडा जवळ आला. सोपा, लवकर निघणारा, म्हणून तो अजून पाठ्यपुस्तकांत आहे. 1992 मध्ये वेंकटरमण अज्जरपू आणि क्रिस्टी यांनी शेंड्यावर न अडता वक्र पुढेपर्यंत काढत नेण्याची रीत दिली, आणि त्याच वर्षी गाओ, मॉरिसन व कुंदूर यांनी जाळ्यातला नेमका कोणता भाग आधी खचेल हे सांगणारे विश्लेषण पुढे आणले. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो, कारण कपॅसिटर कुठे जोडायचा याचे उत्तर त्यात आहे.

या घराण्यावर लगेच आक्षेप आला. वक्र काढताना सगळे एका क्षणी गोठवलेले असते. ग्रिड मात्र काळात जगते. दुसऱ्या घराण्याने काळ आत आणला. त्यांचे आवडते उदाहरण रोहित्राच्या टॅप चेंजरचे आहे आणि ते इतके बोलके आहे की मी ते प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. पारेषण जाळ्यात व्होल्टेज पडले की शहरातले भारही थोडे हलके होतात. ग्रिडला तेवढा श्वास मिळतो. पण उपकेंद्रातला टॅप चेंजर आपले कर्तव्य चोख बजावतो. अर्धा-एक मिनिट थांबून तो ग्राहकांचे व्होल्टेज एकेक पायरीने पुन्हा वर चढवतो. भार पुन्हा पूर्ववत होतो, वरच्या जाळ्यावर ओझे वाढते, तिथले व्होल्टेज आणखी पडते, आणि टॅप पुन्हा हलतो. प्रत्येक यंत्र नियमानुसार वागत असताना सगळे मिळून ग्रिडला खाली ओढतात. त्याच सुमारास दूरच्या जनित्राचा क्षेत्र-प्रवाह तापमानाच्या मर्यादेला टेकतो, त्याचा मर्यादक त्याला आवरतो आणि रिॲक्टिव्ह पॉवरचा एक झरा आटतो. डॉब्सन आणि च्यांग यांनी 1989 मध्ये या कोसळण्याला गणिती रूप दिले. कार्सन टेलर, कुंदूर, व्हान कुत्सेम व वूर्नास यांच्या नव्वदच्या दशकातल्या ग्रंथांनी तो विषय अभियंत्यांच्या हाती सोपवला. दोन्ही घराण्यांचा वाद आता बराच निवळला आहे. दोघेही एकाच डोंगराची दोन चित्रे काढत होते, असे माझे मत आहे : एकाला कडा कुठे आहे हे हवे होते, दुसऱ्याला पाय कसा घसरतो हे.

तिसरे घराणे माप घेणाऱ्यांचे, आणि माझे मन त्यांच्याकडे ओढले जाते हे लपवत नाही. त्याची मुळे एका मराठी नावाशी जोडलेली आहेत. खरगपूरच्या आयआयटीतून शिकून अमेरिकेत गेलेले अरुण फडके रिलेसाठी संगणक वापरता येईल का, या शोधात होते. त्यातून एक वेगळीच गोष्ट हाती लागली. व्होल्टेजची केवळ मात्रा नव्हे, तर त्याची कलाही उपग्रहाच्या घड्याळाशी ताडून मोजली, तर शेकडो किलोमीटर दूरच्या दोन उपकेंद्रांतली मापे एकाच क्षणाची म्हणून शेजारी शेजारी ठेवता येतात. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या गटाने 1988 मध्ये असे पहिले यंत्र बनवले. पीएमयू हे त्याचे आज रूढ असलेले नाव. घड्याळात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर पन्नास हर्ट्झवर कोनात 0.018 अंशाची चूक होते. एवढी बारीक नजर ग्रिडला पूर्वी कधी नव्हती. जुनी स्काडा यंत्रणा काही सेकंदांतून एकदा पाहते, पीएमयू सेकंदाला पंचवीस-पन्नास वेळा पाहतो. 2008 साली फडके आणि थॉर्प यांना या कामासाठी बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

1999 मध्ये वू, बेगोविच, नोव्होसेल आणि साहा यांनी एक धीट कल्पना मांडली. भारकेंद्रावर बसून पाहिले, तर संपूर्ण ग्रिड म्हणजे एक व्होल्टेजचा स्रोत आणि त्याच्यामागे एक प्रतिबाधा, एवढेच दिसते. भाराची प्रतिबाधा आणि ग्रिडची प्रतिबाधा समान झाली की शेंडा आला. हा कमाल शक्ती वहनाचा नियम आपण बारावीनंतर पहिल्याच वर्षी शिकतो. मग दूरच्या केंद्रातून सगळे जाळे जमवायची गरजच काय? स्थानिक व्होल्टेज आणि करंट पाहत राहा, ते कसे बदलतात यावरून मागची प्रतिबाधा ओळखा आणि अंतर काढा. कल्पना देखणी आहे. अडचण अशी की ती ओळखायला भार बदलायला हवा आणि त्याच वेळी मागचे ग्रिड मात्र स्थिर राहायला हवे. ग्रिड असे कोणासाठी थांबत नाही. त्यातच जनित्र मर्यादेला टेकले की ती प्रतिबाधा एका क्षणात उडी मारते. कालपर्यंत ऐसपैस वाटणारे अंतर अर्धे होते. म्हणून मी या पद्धतीला एकटी सोडत नाही. तिला प्रत्येक जनित्राच्या उरलेल्या राखीव रिॲक्टिव्ह पॉवरची जोड द्यावी असे सांगतो. अनुभवाने मला ती राखीव संख्या सर्वांत प्रामाणिक वाटत आली आहे.

चौथे घराणे नवे, संगणकाला लाखो उदाहरणे दाखवून शिकवणाऱ्यांचे. त्याच्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याचा निकाल अजून लागायचा आहे. वेग त्यांच्याकडे आहे. पण कोसळण्याच्या खऱ्या घटना फार थोड्या असतात, म्हणून शिक्षण बहुतेक अनुकरणातूनच होते, आणि अनुकरणात जे घातले नाही ते यंत्राला कळत नाही.

आपल्याकडे काय आहे? ग्रिड संहितेने पट्टे आखून दिले आहेत : 400 केव्हीच्या जाळ्यावर 380 ते 420, 765 केव्हीवर 728 ते 800. औरंगाबाद, सोलापूर यांसारख्या उपकेंद्रांत स्टॅटकॉम आले आहेत. पीएमयू 2010 पासून उत्तर ग्रिडमध्ये प्रायोगिक स्वरूपात आले, आणि दोनच वर्षांनी त्यांची कसोटी लागली. 30 जुलै 2012 च्या पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी उत्तर ग्रिड गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही गेली, सुमारे 48 हजार मेगावॉटचा भार घेऊन. पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या बिना–ग्वाल्हेर या 400 केव्हीच्या वाहिनीवर प्रचंड वीज लोटली होती. व्होल्टेज खाली आणि करंट वर. अंतर मोजणारा रिले या दोहोंचा भागाकार करतो. भागाकार लहान आला की दूर कुठे तरी बिघाड आहे असे तो समजतो. बिघाड नव्हताच, पीएमयूच्या नोंदींनी ते नंतर स्पष्ट केले. रिलेने ओझ्यालाच बिघाड मानले आणि वाहिनी तोडली. ही घटना शुद्ध व्होल्टेज कोसळण्याची नाही, जाळे तालातून निसटण्याची आहे. पण खचलेल्या व्होल्टेजने तिला दार उघडून दिले. त्यानंतर देशभर हजाराहून अधिक पीएमयू बसवण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. यंत्रे बसली. त्यांच्या नोंदी घटनेनंतर उत्तम वाचल्या जातात. घटनेआधी, पाळीवरच्या माणसाला ‘तुझ्याकडे अमुक मेगावॉटचे अंतर उरले आहे’ असे सांगण्यासाठी त्या पुरेशा वापरल्या जात नाहीत, ही माझी तक्रार आहे आणि हे पुस्तक त्या तक्रारीतूनच उभे राहिले.

आत्ताच का, याचे उत्तर मात्र उलट्या बाजूने येते. इतका वेळ मी व्होल्टेज पडण्याबद्दल लिहीत होतो. ते चढूनही ग्रिड जाते. हलक्या भाराची लांब वाहिनी स्वतःच कपॅसिटरसारखी वागते; 400 केव्हीची शंभर किलोमीटर वाहिनी पन्नासच्या वर मेगाव्हार रिॲक्टिव्ह पॉवर निर्माण करते. लहानपणी रात्री अकरानंतर जाणाऱ्या बल्बचे मूळ हलक्या भारात होते. 5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने उतरली आणि जलविद्युत केंद्रांनी तो उतार झेलला. तेव्हा नियंत्रण कक्षांना वारंवारितेइतकीच चढणाऱ्या व्होल्टेजची चिंता होती. पूर्वसूचना होती, तयारी होती, म्हणून ते निभावले.

28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगालला पूर्वसूचना नव्हती. स्वच्छ ऊन, भरपूर सौर वीज, मागणी बेताची. बाराच्या सुमारास ग्रिडमध्ये आंदोलने उठली. ती शमवण्यासाठी वाहिन्या जोडल्या, निर्यात कमी केली, आणि या योग्य उपायांनीच व्होल्टेज आणखी चढले. दुपारी 12 वाजून 33 मिनिटांनी दक्षिण स्पेनमधली निर्मिती केंद्रे सुटू लागली. प्रत्येक केंद्र सुटताच व्होल्टेज आणखी चढे आणि पुढचे केंद्र सुटे. काही सेकंदांत संपूर्ण द्वीपकल्प अंधारात गेला. चढत्या व्होल्टेजच्या साखळीने घडलेला युरोपातला हा पहिला ज्ञात अंधार, असे युरोपीय पारेषण संस्थांच्या तज्ज्ञ समितीने नोंदवले. तिथले बहुतेक सौर आणि पवन प्रकल्प ठरलेल्या शक्तिगुणकावर चालत होते. व्होल्टेज चढते आहे म्हणून रिॲक्टिव्ह पॉवर शोषून घ्या, असे त्यांना नियमाने सांगितलेलेच नव्हते. त्यांच्या इन्व्हर्टरमध्ये ती ताकद मात्र होती.

राजस्थानात भडल्यासारखी सौर उद्याने उभी आहेत, महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्रांशेजारी सौर प्रकल्प येत आहेत. दिवसा पाणी मिळणार, रात्रीच्या त्या अंधाऱ्या फेऱ्या थांबणार, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दुपारी सूर्य देईल, औष्णिक संच मागे सरतील आणि त्यांच्यासोबत शेजारची उसनवारीही मागे सरेल. संध्याकाळी सूर्य जाईल आणि तासाभरात सगळे उलटे होईल. एकाच उपकेंद्राने एकाच दिवसात चढते आणि पडते असे दोन्ही धोके पाहायचे, असे पूर्वी क्वचित होत असे. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई अंधारात गेली, त्याची कारणे व्होल्टेजपुरती नव्हती. तरी महानगराने दूरच्या विजेवर किती विसंबावे, हा प्रश्न त्या दिवशी सर्वांच्या घरी पोहोचला.

हे पुस्तक पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी, उपकेंद्रात आणि भारप्रेषण केंद्रात पाळी करणाऱ्या मित्रांसाठी आणि आपल्या मोटरीवर प्रेम करणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे. तिघांना एकाच पुस्तकात बसवणे अवघड होते. म्हणून गणित वेगळ्या चौकटीत ठेवले आहे. ते गाळून वाचले तरी युक्तिवाद तुटणार नाही. शब्दांच्या बाबतीत मी सोवळे पाळलेले नाही. वीज बिलावरचे उच्चदाब, लघुदाब, रोहित्र, वाहिनी हे शब्द घेतले आहेत, आणि जिथे पाळीवर रिले, टॅप, कपॅसिटर म्हणतात तिथे तेच लिहिले आहे. घटनांची वर्णने मिनिटांच्या हिशेबाने दिली आहेत, कारण त्या मिनिटांत खुर्चीवर बसलेल्या माणसाला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, हे कळल्याशिवाय देखरेखीची कोणतीही पद्धत तोलता येत नाही.

वाचायला घेण्यापूर्वी एक काम करा. विहिरीवरच्या पंपाच्या पेटीला बाहेरून दिसणारे दोन काटे असतात, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. पेटी न उघडता, आठवडाभर, मोटर चालू करण्याच्या आधी आणि नंतर दोन्ही आकडे एका वहीत टिपा, वेळही लिहा. व्होल्टेज किती उतरले आणि करंट किती वाढला, यांचा भागाकार रोज थोडा वेगळा येईल. शेजाऱ्यांच्या किती मोटरी तेव्हा चालू होत्या, तेही आठवून समोर लिहून ठेवा. सातव्या प्रकरणात त्या वहीची गरज पडेल.